धनुष्याला दाखवलेलं ऊन

मे महिन्यात आमच्या घरातले सगळे हात काळे असायचे. बिडीसाठी तेंदूची पानं तोडून तोडून बोटांना जो रंग चढायचा, तो राखेनं घासा नाहीतर मातीनं, पावसाळ्यात रोवणा, म्हणजे भाताची लावणी, लागल्याशिवाय उतरायचा नाही. चिचगडच्या पलीकडे, जंगलाला लागून आमचं गाव. स्वतःची बांधी, म्हणजे धानाचं शेत, नाही. पावसाळ्यात दुसऱ्याच्या बांधीत रोवणा, दिवाळीच्या आसपास कापणी, हिवाळ्यात बा जंगल खात्याच्या बांबूच्या कूपावर तोडणीला, चैत्रात मोहफुलं आणि मे महिन्यात तेंदूपत्ता. वर्ष असं कामांनी भरलेलं, आणि त्यातल्या एकाही कामाला नाही म्हणायची आमची ऐपत नव्हती. पत्त्याच्या दिवसांत कोणाच्या लग्नाचं बोलावणं आलं की माय म्हणायची, "नवरदेवाले म्हना, पत्ता संपल्यावर कर." सकाळी पेज, दुपारी पेज, संध्याकाळी भात, आणि उरलेल्या भातात पाणी घातलं की उद्याची सोय. घराच्या अर्ध्या भागावर मातीचे कवेलू, अर्ध्यावर टीन. त्या टिनाचं पुढे काम आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

हे रडगाणं नाही. त्या हातांची मला कधी लाज वाटली नाही. गोंदियाला कॉलेजात नाव घातलं तेव्हा सही करताना शेजारची मुलगी माझ्या बोटांकडे बघून म्हणाली, "मेहंदी बिगड गई क्या तेरी?" मी म्हटलं, "नाही, पत्ता तोडला." आणि सही मोठी केली.

परवा हे सगळं एका म्हातारीमुळे आठवलं. म्हातारी म्हणजे सावरीच्या बोंडातून सुटून हवेत तरंगणारा कापूस. अर्जुनी मोरगावच्या ज्या शाळेत मी खेळ शिकवते तिथं उन्हाळी शिबिर सुरू आहे. मैदानाच्या कडेला काटेसावरीचं एक झाड आहे. बोंडं उकलली की दहा वाजायच्या आत सगळं मैदान पांढरं होतं. एक म्हातारी सावकाश उडत आली आणि उभ्या करून ठेवलेल्या धनुष्याच्या पात्यावर टेकली. वारा आला. ती उडाली. मी सुटकेचा निःश्वास टाकला. मुलींना वाटलं, मॅडमना ऊन लागलं.

म्हातारी उडून गेली म्हणजे पातं चांगलं आहे, हे त्यांना कसं कळणार? मलाही ते एका मे महिन्यानंच शिकवलं.

दोन हजार सालानंतरचं पहिलं दशक संपत आलं होतं. कॉलेजचं माझं पहिलं वर्ष नुकतंच झालं होतं. ते वर्ष मी फुलचूरला मावशीच्या एका खोलीत काढलं होतं. पण तिच्या मुलाचं लग्न ठरलं, आणि एका खोलीत नवी सून आणि मी दोघी मावणार नव्हतो. हे मावशीनं मला सांगितलं नाही, मीच ओळखलं. गोंदियात खोली घेऊन राहणं आमच्या आवाक्यातलं नव्हतं. एकच वाट उघडी होती. विद्यापीठाच्या तिरंदाजी संघात निवड झाली, तर खेळाडूंच्या वसतिगृहात राहणं-जेवणं मिळायचं. कॉलेज उघडल्यावर जुलैत निवड चाचणी होती. निवड झाली तर दुसरं वर्ष. नाही झाली तर घरी, बांधीत, रोवण्याला. यात अर्धंमुर्धं काही नव्हतं.

तिरंदाजी मला शाळेपासून येत होती, बाच्या बांबूमुळे. शाळेच्या स्पर्धेत बांबूचंच धनुष्य चालायचं, आणि बांबूतलं बाला जेवढं कळायचं तेवढं स्वतःच्या तब्येतीतलंही कळत नव्हतं. पण संघात जागा होती ती कंपाउंड धनुष्याची. दोन्ही टोकांना चाकं, तारांचं जाळं, हाताला गार लागणारी धातूची मूठ. आमच्या तिरंदाजीच्या सरांकडे असं एक जुनं धनुष्य होतं. सर गोंदियाचे, हिंदी बोलणारे, सगळ्या मुलींना बेटा म्हणणारे. ते धनुष्य मुळात खेळाचं नव्हतंच, कुठल्या तरी थंड देशातलं शिकारीचं होतं. कोणाकडून कोणाकडे फिरत ते त्यांच्यापर्यंत आलं होतं. त्यावर झाडीत लपायला म्हणून पानंच पानं रंगवलेली होती. सुट्टीत सराव बुडू नये म्हणून सरांनी ते माझ्याकडे दिलं. देताना एकच गोष्ट तीन तऱ्हांनी सांगितली: "लिंब का ध्यान रखना. बिना तीर के दोरी मत छोडना, लिंब फट जायेगा. रोज रुई फिराना लिंब पे."

धनुष्याच्या मुठीच्या वर एक आणि खाली एक अशी जी वाकणारी पाती असतात, त्यांना इंग्रजीत लिंब म्हणतात. धनुष्याची सगळी ताकद त्यांच्यात. काचेच्या धाग्यांचे थर डिंकासारख्या मसाल्यानं एकावर एक चिकटवून ती बनवलेली असतात. थर सुटला किंवा एखादा धागा उभा राहिला, तर पातं कधीतरी भर ताणात फुटतं, आणि त्या वेळी ते आपल्या गालापासून वीतभर अंतरावर असतं. म्हणून रुई. कापसाचा बोळा पात्यावरून फिरवायचा. जिथं कापूस अडकेल तिथं धागा उठला.

हे मी घरी सांगितलं. बा अंगणात तेंदूच्या पानांचे पुडके बांधत होता. तो थांबला.

"लिंबाचं धनुष्य?" त्यानं विचारलं. "लिंब कोन वापरते वो धनुष्याले? लिंब त कटकन मोडते. दात घासाले ठीक हाय."

"झाडाचं लिंब नाही बा. इंग्रजीत लिंब म्हनते त्याले."

"मंग हे पानं कायची हायेत?" मायनं रंगवलेल्या पात्यावर काळं बोट ठेवलं. तिनं ती पानं नीट पाहिली, धनुष्य उलटं करूनही पाहिली. "लिंबाची त नाही. तेंदूची नाही, सागाची नाही. मोहाचीही नाही. कोन्या जंगलातली हायेत बाई?"

"थंड देशातली."

"हं." माय पुन्हा पुडक्याकडे वळली. "त्यायले काय पत्ता तोडाले लागते."

बाच्या डोक्यातून लिंब काही गेलं नाही. इंग्रजीतलं लिंब म्हणजे साहेब लोकांकडचं कडुलिंबच असणार, असं त्यानं मनात पक्कं केलं असावं. त्याला दुसरी एक गोष्ट जास्त खुपत होती. बांबूच्या धनुष्याची दोरी काम झालं की उतरवून ठेवायची, असा त्याचा नेम. "त्याले झोपू द्या लागते," तो म्हणायचा. "दिवसभर ताणलं, आता सैल पडू दे. नाहीतर त्याची पाठ बसते." माझं बांबूचं धनुष्य रोज तिन्हीसांजेला झोपायचं. हे नवं मात्र खुंटीवर टांगलं तरी ताणलेलंच. त्याची दोरी उतरवायला वेगळं यंत्र लागतं, ते सरांकडे. बा येता-जाता त्याच्याकडे बघायचा आणि चुकचुकायचा.

"हे कदीच झोपत नाही?"

"नाही बा. तसंच बनवलं हाय."

"कदीच नाही?" त्यानं मायकडे बघितलं. माय चुलीपाशी एका हातानं निखारे ओढत होती आणि दुसऱ्या हातानं भाताचं भांडं उतरवत होती. "मंग तुह्या मायसारखं हाय."

माय म्हणाली, "मले नको मोजू त्याच्यात. माह्यावर पानं नाही काढलेली."

आम्ही तिघंही हसलो. पण मला ते लागलं. आता शिकवताना मुलींना कंपाउंड धनुष्य समजावते, तेव्हा सांगते की हे काम करत नसतानाही ओझं धरून असतं. मुली मान डोलावतात. त्यांच्याही घरी माय आहे.

आमच्याकडे एक रीत आहे, ऊन दाखवायची. वाकळी, डाळी, बियाण्याचं धान, लोणच्याची बरणी, बाळंतिणीचं बाळसुद्धा, सगळ्यांना ऊन दाखवतात. दमट घरात राहिलेल्या वस्तूत जी मरगळ येते, ती उन्हानं जाते. आणि बांबूला तर ऊन म्हणजे औषध. बा बांबूच्या धनुष्याला मोहाच्या टोरीचं, म्हणजे बियांचं, तेल चोळायचा, थोडा वेळ उन्हात ठेवायचा, आणि ते पुन्हा तरतरीत व्हायचं. त्यात खोटं काहीच नव्हतं. बांबूसाठी ते सगळं खरं होतं.

एका सकाळी माय आणि मी जंगलातून पानांचे भारे घेऊन परस्पर फडीकडे गेलो, पानं मोजून घेतात त्या माळावर. बाच्या पायात काटा मोडला होता म्हणून तो घरी होता. परत आलो तेव्हा दुपार उतरली होती. अंगणात पाऊल टाकताच माझी नजर वर गेली. टिनावर वाकळी पसरल्या होत्या. वाकळींच्या शेजारी, तेलानं चमकत, माझं धनुष्य पडलं होतं. मेमधलं आमचं टीन म्हणजे काय ते आमच्याकडच्या माणसाला सांगायला नको. त्यावर पापड नुसता वाळत नाही, करपतो.

"मस्त ऊन लागलं त्याले," बा दारातून लंगडत येत म्हणाला. एवढा खूश मी त्याला क्वचित पाहिला होता. "दोरी काही निघे ना. मंग म्हटलं, झोपत नाही त निदान ऊन त खाऊ दे. चाचनी हाय ना तुही."

मी शिडी लावली, फडक्यानं धरून धनुष्य खाली आणलं, सावलीत ठेवलं. वरून सगळं ठीक दिसत होतं. ती परदेशी पानं जशीच्या तशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावातल्या विहाराच्या मागच्या पडीक जागेत नेमासाठी धानाच्या तणसाचा भारा उभा केला, तीर लावला आणि दोरी खेचली. अर्ध्यावर आले असेन. कानापाशी बारीक आवाज आला. चर्र. वाळलेलं पान चुरगाळावं तसा. सरांनी घोटून घेतलं होतं की आवाज आला तर सोडायचं नाही, दोरी धरूनच हळूहळू परत यायचं. दोरी सोडली की सगळं एका झटक्यात मोकळं, परत यायला मात्र खेचण्याइतकीच ताकद लागते, वर धीर लागतो तो वेगळा. मी परत आले. धनुष्य घेऊन घर गाठलं.

रुई हवी होती. घरात कापूस कुठला? माय विहाराच्या मागच्या सावरीखाली गेली आणि पदरात म्हाताऱ्या गोळा करून आली. मी एक बोळा केला आणि वरच्या पात्यावरून फिरवला. मुठीपासून वर, सावकाश. काळ्या-हिरव्या पानांवरून पांढरा कापूस सरकत होता. टोकाच्या अलीकडे तो थांबला. मी हात काढला. एक चिमटीएवढी पांढरी म्हातारी तिथंच उभी राहिली. मायनं फुंकर मारली. ती हलली, पण उडाली नाही.

बा शेजारी उकिडवा बसला होता. मान पुढे काढून त्यानं ते पाहिलं. मग हळूच विचारलं, "उन्हानं झालं का?"

मायनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "सरायले दाखवू."

"मीच घेऊन येतो," बा म्हणाला. "मी केलं त मीच सांगीन."

धनुष्य वाकळीत गुंडाळून, काटा रुतलेल्या पायानं, बा माझ्यासोबत निघाला. चिचगडच्या स्टॅण्डवर जंगल खात्याचा ओळखीचा बीटगार्ड भेटला. कूपावर बाची आणि त्याची रोजची गाठ. वाकळीतून बाहेर डोकावणारं चाक त्यानं पाहिलं.

"काय गा, शिकारीले निघाले का बाप-लेकी?"

"शिकार कायची साहेब," बा म्हणाला. "लिंब मोडलं."

"लिंबाले एसटीत कायले नेऊन राहिला?"

"पोरीच्या कॉलेजचं हाय. कंपाउंड म्हनते."

"मंग कंपाउंडरकडं नेजो!" गार्ड स्वतःच्याच बोलण्यावर पोट धरून हसला. एरवी बा त्याला चोख उत्तर द्यायचा. त्या दिवशी तो नुसता वाकळ सारखी करत राहिला. बसमध्येही त्यानं ती मांडीवरच ठेवली, वर सामानात ठेवू दिली नाही. देवरी गेली, आमगाव गेलं, तो खिडकीबाहेर बघत होता. गोंदिया जवळ आल्यावर म्हणाला, "तुह्या चाचनीचं काय होईल वो आता?" मी म्हटलं, "काहीतरी होईल." त्याला ते पटलं नाही हे मला कळलं, आणि मलाही पटलं नव्हतं हे त्याला.

फुलचूरला सरांच्या मैदानावर पोहोचलो. बानं नमस्कार केला आणि मला बोलू न देता आपल्या हिंदीत सुरुवात केली. "सर, पोरी का कुछ गलती नहीं. मैंने लिंब को तेल लगाया और टीन पर ऊन दिखाया. मेरे को लगा लिंब का झाड रहता वही लिंब है."

सरांना समजायला थोडा वेळ लागला. मग हसू त्यांना आवरेना. "नीम? भैया, आप इसको नीम का समझे?" बाही ओशाळून हसला. मग सरांनी धनुष्य घेतलं, म्हातारी अडकली होती तिथं नख फिरवलं, पातं उजेडाकडे धरून कितीतरी वेळ तिरकं पाहिलं. मला वाटलं, आता हे म्हणतील, जा घरी.

"यह दरार पुरानी है," ते म्हणाले. "किसीने पहले बिना तीर के छोडा होगा. अंदर अंदर थी. धूप ने बस दिखा दी." मग माझ्याकडे वळून, आवाज खाली आणून, "चाचणी में पूरा खींचने पे फटता ना बेटा, तो चेहरे पे आता."

सर खरं बोलले, की माझ्या बाची मान खाली जाऊ नये म्हणून बोलले, हे मला आजही माहीत नाही. मी पुढे त्यांना कधी विचारलं नाही. दोन्ही गोष्टी माझ्या उपयोगाच्या आहेत. पण बाचा खुललेला चेहरा मला आठवतो. आम्ही वस्तूंना ऊन दाखवतो, आणि इथं उन्हानंच आम्हाला तडा दाखवला. परतीच्या बसमध्ये तो दोन-तीनदा तेच म्हणाला, "दाखवलं ना उन्हानं. दाखवलं का नाही?"

सरांच्या कोठीत तसलंच एक मोडकं धनुष्य पडलं होतं. चाक वाकलेलं, पाती धड. एक पातं बदलून चालत नाही, जोडी बदलावी लागते, नाहीतर वरची आणि खालची ताकद जुळत नाही. दोन्हींतून एक करायचं ठरलं. पण दोरी उतरवायच्या त्या यंत्रावर काम करणारा माणूस नागपूरहून यायचा होता, कधी ते नक्की नव्हतं. तोवर माझ्या हातात काहीच नव्हतं. म्हणजे बांबू होता.

कंपाउंड धनुष्याची गंमत अशी, की खेचताना आधी जड लागतं, आणि शेवटी चाकं फिरली की ओझं गळून पडतं. तिथं थांबून शांतपणे नेम धरता येतो. बांबू उलटा. जितकं खेचाल तितका जड, आणि सगळ्यात जड अगदी शेवटी, जिथं थांबायचं असतं. बानं माझ्यासाठी नवा बांबू काढला, नेहमीपेक्षा जाड. "हा धरून पाह्य," म्हणाला. मी रोज सकाळी पत्त्याहून आले की तो शेवटपर्यंत खेचून धरायची. तीर कमी, धरणं जास्त. खांदे पेटायचे. माय पुडके बांधता बांधता मान वर न करता म्हणायची, "अजून. अजून. भात शिजला नाही अजून." आणि तिन्हीसांजेला बा दोरी उतरवायचा. धनुष्य झोपायचं. मीही झोपायची. तेवढी गाढ झोप मला पुन्हा कुठल्याही उन्हाळ्यात लागलेली नाही.

पत्ता संपला. सावरीच्या म्हाताऱ्या संपल्या. आभाळ भरून आलं, लोक रोवण्याच्या गोष्टी करू लागले, तेव्हा धनुष्य तयार असल्याचा निरोप आला. नव्या पात्यांवर पानं नव्हती, साधी काळी होती. पहिल्यांदा खेचलं तेव्हा शेवटी ओझं गळलं, आणि मला वाटलं काहीतरी तुटलं. काही तुटलं नव्हतं. फक्त हलकं झालं होतं. मी धरून उभी राहिले. किती वेळ धरू शकते ते माझं मलाच कळेना. सर म्हणाले, "अरे छोड ना अब!"

चाचणीच्या दिवशी मैदानात चिखल होता. मी सगळ्यांत पुढे आले असं काही झालं नाही. माझ्यापेक्षा चांगलं धनुष्य आणि चांगले बूट असलेल्या मुली होत्या, आणि त्यांतल्या काही खरोखरच माझ्यापेक्षा चांगल्या होत्या. संघात घ्यायच्या मुलींमध्ये माझं नाव शेवटचं लागलं. शेवटचं का असेना, लागलं. गावातल्या किराणा दुकानाच्या फोनवर मी बाला बोलावून घेतलं.

"बा, झाली चाचणी."

त्यानं निवडीचं विचारलंच नाही. पलीकडून आधी एवढंच आलं, "लिंब टिकलं का?"

"टिकलं."

"मंग झालं," तो म्हणाला, आणि फोन ठेवून दिला. मी निकाल सांगितलाच नव्हता. पुन्हा फोन लावावा लागला.

सध्या माय आणि बा शिबिराच्या दिवसांपुरते माझ्याकडे आले आहेत. माय म्हणते, तिला आता मे महिन्यात हात पांढरे बघून करमत नाही. बा सकाळी मैदानाच्या कडेला सावरीखाली खुर्ची टाकून बसतो. मुलींनी धनुष्य उन्हात ठेवलं की तिथूनच ओरडतो, "सावलीत ठेवा वो लिंबाले! ते काही बांबू नोहोय!" मुली हसतात, त्याला लिंबूआजोबा म्हणतात. सराव सुरू करण्याआधी मी त्यांना बाजारातला कापूस देत नाही. जमिनीवरच्या म्हाताऱ्या वेचायला लावते. बोळा मुठीपासून टोकापर्यंत न अडता गेला, तरच तीर हातात.

ती काळी पाती माझ्या कॉलेजची उरलेली वर्षं टिकली. मी वसतिगृहात राहिले आणि बी.ए. झाले. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर.